केर्बल स्पेस प्रोग्रॅमच्या मॉडमध्ये पार्टना नावं देताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

केर्बल स्पेस प्रोग्रॅम हा यानं बांधून उडवायचा संगणकावरचा खेळ, आणि मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी त्यात घातलेली भर. मॉडची नवी आवृत्ती टाकली आणि कक्षेत फिरणारं अख्खं स्थानक गायब झालं, ही तक्रार पार्ट-पॅक (यानाच्या सुट्या भागांचा संच) बनवणाऱ्या प्रत्येकाकडे कधी ना कधी येते. शोध घेतला तर बहुतेक वेळा मॉडेल ठीक असतं, वजनाचे आकडेही ठीक असतात. कुणीतरी एका टाकीचं नाव जरा नीट केलेलं असतं, एवढंच.

या खेळात प्रत्येक पार्टला दोन नावं असतात. पार्टची माहिती ज्या मजकूर-फाइलमध्ये असते त्या कॉन्फिग फाइलमधल्या ‘नेम’ या ओळीतलं नाव खेळासाठी असतं. यान साठवताना, उघडताना, संशोधन केंद्रात पार्टची नोंद ठेवताना खेळ तेच वापरतो. ‘टायटल’ या ओळीतलं नाव खेळणाऱ्यासाठी असतं आणि यान बांधायच्या इमारतीत तेच दिसतं. टायटल हवं तेव्हा बदला, काहीही मोडत नाही. नेम मात्र एकदा लोकांच्या हाती गेलं की कायमचं. या दोन नावांची कामं एकमेकांत मिसळली की पुढचे सगळे घोळ सुरू होतात, म्हणून खालचा प्रत्येक टप्पा ती कामं वेगळी ठेवण्यासाठी आहे.

सोलापुरातल्या आमच्या गटात मॉडेल जुळे सोलापुरात बनतं, कॉन्फिग विजापूर रोडला लिहिली जाते आणि चाचणी पुण्यात शिकायला गेलेली मुलं करतात. तीन ठिकाणी तीन हात असले की नावांची शिस्त आधीच ठरवावी लागते. एकट्याने मॉड करणाऱ्यालाही ती लागते, कारण सहा महिन्यांनी आपलीच फाइल परक्याची वाटते.

हे सगळं पहिल्या केर्बल स्पेस प्रोग्रॅमच्या १.१२ आवृत्तीसाठी आणि मॉड्यूल मॅनेजर (मूळ कॉन्फिगला हात न लावता तिच्यात बदल करणारे ‘पॅच’ लावणारं मॉड) बसवलेल्या खेळासाठी लिहिलं आहे. लेखात नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची: आपण दिलेली नावं लहान अक्षरांत, खेळाचे स्वतःचे शब्द खेळात आहेत तसेच.

## तयारी: ब्लेंडर (मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी

पहिलं काम म्हणजे नोंदवही. साधी स्प्रेडशीट चालते. रकाने पाच: नेम, टायटल, मॉडेलची फाइल, स्थिती, शेरा. स्थितीच्या रकान्यात तीनच शब्द ठेवा: ‘कच्चा’, ‘पक्का’, ‘निवृत्त’. कच्च्या पार्टचं नेम बदलता येतं. पार्ट गटाबाहेरच्या एकाही माणसाकडे गेला की तो पक्का झाला. त्यानंतर त्याच्या नेमच्या चौकोनाला हात लावायचा नाही.

नोंदवहीत लिहिण्याचा हक्क एकाच माणसाकडे द्या. बाकीच्यांनी त्याच्याकडून नाव मागून घ्यायचं. हे जाचक वाटेल, पण दोघांनी एकाच संध्याकाळी दोन वेगळ्या टाक्यांना एकच नेम दिलं की कोणतं यान कोणती टाकी उचलेल याची खात्री राहत नाही आणि लोड होताना ते लक्षातही येत नाही.

दुसरं काम: खेळाची वेगळी प्रत. खेळाचं अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी केलं की ती प्रत स्वतंत्र चालते. तिच्यात मूळ खेळ, मॉड्यूल मॅनेजर आणि आपला पॅक, एवढंच ठेवा. रोज खेळायच्या प्रतीत चाचणी करू नका.

तिसरं काम विंडोजवाल्यांसाठी: फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग करा. नाहीतर नोटपॅडमध्ये साठवलेली कॉन्फिग फाइल ‘टँक.सीएफजी.टीएक्सटी’ होते आणि पार्ट खेळात का येत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

## टप्पा १: नेमचा साचा ठरवा

आम्ही वापरतो तो साचा असा:

पॅक_प्रकार_व्यास_भेद_आवृत्ती

उदाहरणार्थ सव्वा मीटर व्यासाची, दोन मीटर लांबीची टाकी:

सोला_टँक_१२५०_२०००_व्ही१

माप आधी आणि बारीक भेद नंतर हा क्रम चादरीच्या गोदामातल्यासारखा आहे: गठ्ठे मापाने लावलेले असले की डिझाइन शोधायला वेळ लागत नाही. आता एकेक तुकडा पाहू.

पॅक. चार-पाच अक्षरांचा, न बदलणारा. तो नसला तर ‘टँक_मोठी’ हे नाव दुसऱ्या कुणाच्या मॉडमध्येही असू शकतं आणि दोन्ही एकत्र बसवणाऱ्याचं यान बिघडतं. आमच्याकडे पहिला वाद इथेच झाला. शहराचं नाव रोमनमध्ये कुणी जुन्या शोलापूरच्या वळणाने लिहितं, कुणी आजच्या. स्पेलिंग एकदा ठरवून नोंदवहीच्या पहिल्या ओळीत लिहा आणि सगळ्यांनी तिथूनच कॉपी करा.

प्रकार. ठरलेल्या यादीतलाच शब्द घ्यायचा. आमची यादी: टँक, इंजिन, एसआरबी (घन इंधनाचा बूस्टर), डीकप (डिकपलर, म्हणजे जोडलेले पार्ट सोडवणारा), पॉड, प्रोब, अडॅप्ट, फेअरिंग, लेग, सायन्स. नेममध्ये मराठी शब्द आम्ही टाळतो. ‘टाकी’ रोमनमध्ये एका ‘ए’ने लिहायची की दोन, शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’, यावर तिघांची तीन मतं असतात आणि खेळाला त्यातलं एकच कळतं. मराठीला जागा आहे, भरपूर आहे, पण ती टायटलमध्ये.

व्यास. मिलिमीटरमध्ये, चार आकडी. खेळातले नेहमीचे व्यास ०.६२५, १.२५, १.८७५, २.५, ३.७५ आणि ५ मीटर आहेत. म्हणजे ०६२५, १२५०, १८७५, २५००, ३७५०, ५०००. मीटर घेतले की दशांशचिन्ह येतं, आणि नेममध्ये टिंब नको आहे. का, ते थोडं पुढे. चार आकडी ठेवल्याने यादी लावताना क्रमही बरोबर लागतो. शून्य न लावलेलं ६२५ हे अक्षरांच्या हिशेबात ५००० च्याही नंतर जातं.

भेद. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. टाकीला भेद म्हणून किती इंधन मावतं ते लिहावंसं वाटतं, इंजिनाला जोर लिहावासा वाटतो. लिहू नका. हे आकडे समतोल साधताना बदलतात आणि नेम बदलता येत नाही. मग ‘४००’ नावाच्या टाकीत ३६० युनिट इंधन घेऊन आयुष्यभर बसावं लागतं. इस्रोच्या टप्प्यांची नावं पाहा. एस२००, एल११०, सी२५ यांतलं अक्षर इंधनाचा प्रकार सांगतं (घन, द्रव, क्रायोजेनिक) आणि आकडा इंधनाचे टन. पण एलव्हीएम३ रॉकेटच्या सी२५ टप्प्यात आता सुमारे २८ टन इंधन असतं आणि एल११० मध्ये सुमारे ११५. नाव पक्कं झालं आणि आकडा पुढे सरकला. तिथे इंजिनीअर लोकांना हे माहीत असतं. आपल्या मॉडच्या वापरणाऱ्याला माहीत नसतं.

म्हणून नेममध्ये फक्त आकारमान: टाकीला लांबी, इंजिनाला ०१, ०२ असा दोन आकडी अनुक्रम. आकारमान बदललं तर तो मुळात नवा पार्टच असतो.

आवृत्ती. पहिल्या पार्टपासून ‘व्ही१’ लावा. मूळ खेळातही नव्याने केलेल्या पार्टना शेवटी ‘_व्ही२’ जोडलेलं आहे आणि जुने पार्ट मागे लपवून ठेवले आहेत, जुनी यानं उघडावीत म्हणून. पण तिथे पहिल्या पार्टला ‘व्ही१’ नाही. त्यामुळे जुनं नाव हे नव्या नावाची सुरुवात होऊन बसतं आणि शोधा-बदला करताना दोन्ही एकदम सापडतात. आपल्या पॅकमध्ये हा नियम ठेवा: कोणतंही नेम दुसऱ्या नेमची सुरुवात असता कामा नये.

चालणारी चिन्हं. लहान रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. बाकी काहीही नाही. मोकळी जागा नको, कंस नको, स्वल्पविराम नको. मॉड्यूल मॅनेजरच्या चौकटी कंसात स्वल्पविराम आणि उभी रेघ या नावं वेगळी करणाऱ्या खुणा आहेत, तर तारा आणि प्रश्नचिन्ह ‘इथे काहीही चालेल’ असं सांगतात. ही चिन्हं नावात आली की पॅच भलतीकडे लागतो.

> इशारा. पार्ट लोड होताना खेळ नेममधल्या अंडरस्कोरचं टिंब करतो. कॉन्फिगमधलं ‘सोला_टँक_१२५०_२०००_व्ही१’ हे साठवलेल्या यानात ‘सोला.टँक.१२५०.२०००.व्ही१’ असं दिसतं. त्याच्यापुढे अंडरस्कोर आणि एक लांब क्रमांक येतो. हा बिघाड नाही. पण नेममध्ये आधीच टिंब असलं तर यानाच्या फाइलमधून मूळ नाव ओळखता येत नाही. म्हणून दशांश टाळायचा.

> इशारा. मॉड्यूल मॅनेजर हे रूपांतर होण्याआधी काम करतो. पॅच लिहिताना नेम कॉन्फिगमध्ये आहे तसं, अंडरस्कोरसहित लिहा. यानाच्या फाइलमधून टिंबांचं नाव उचलून पॅचमध्ये चिकटवणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. पॅच लागत नाही, चूकही दिसत नाही.

## टप्पा २: फोल्डर आणि फाइली

गेमडेटामध्ये (खेळाच्या फोल्डरमधलं, मॉड ठेवायचं फोल्डर) पॅकचं एकच फोल्डर ठेवा, आत ‘पार्ट्स’, त्याच्या आत प्रकारानुसार फोल्डर. कॉन्फिग फाइलचं नाव आणि नेम एकच ठेवा. खेळाला फाइलच्या नावाशी देणंघेणं नाही, पण प्रत्येक फोल्डरमध्ये ‘पार्ट.सीएफजी’ असली की एडिटरमध्ये पाच टॅब उघडल्यावर कोणती कोणाची ते कळत नाही.

कॉन्फिगमधला मॉडेलचा पत्ता गेमडेटापासून सुरू होतो आणि त्यात एक्स्टेन्शन लिहायचं नसतं. म्हणजेच फोल्डरचं नाव हाही त्या पत्त्याचा भाग आहे. पॅकच्या फोल्डरला कुणी ‘सोला नवीन’ असं नाव दिलं की मॉडेल सापडत नाही. अक्षरं सगळीकडे लहान ठेवा: लिनक्समध्ये मोठ्या ‘टी’ची आणि लहान ‘टी’ची फाइल वेगळी असते, विंडोजवर हा घोळ दिसतच नाही आणि चूक दुसऱ्याच्या संगणकावर उघडी पडते.

> इशारा. गेमडेटामधली प्रत्येक सीएफजी फाइल खेळ वाचतो. ‘टँक_जुनी.सीएफजी’ असं नाव देऊन जपून ठेवलेली प्रतही वाचतो. व्हॉट्सॲपवरून किंवा ड्राइव्हवरून तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की नावापुढे कंसात १ लागतो आणि एकाच नेमचे दोन पार्ट तयार होतात. जुन्या प्रती गेमडेटाच्या बाहेर ठेवा.

> तपासणी. गेमडेटाच्या आत आणखी एक गेमडेटा नाही ना, ते पाहा. झिप उघडताना हे सर्रास होतं.

## टप्पा ३: मॉडेलमधली नावं

पार्टच्या नेमइतकीच महत्त्वाची नावं मॉडेलच्या आत असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. इंजिनाचा जोर कुठून निघतो ते ‘थ्रस्टट्रान्सफॉर्म’ या रिकाम्या ऑब्जेक्टवरून ठरतं. कॉन्फिगमध्ये जे नाव लिहिलं तेच, त्याच लहान-मोठ्या अक्षरांत, मॉडेलमध्ये हवं. एक अक्षर चुकलं तर इंजिन जोर देत नाही.

ब्लेंडर इथे नकळत अडचण करतो. दोन ऑब्जेक्टना एक नाव तो ठेवू देत नाही. ऑब्जेक्टची नक्कल केली की तो मागे ‘.००१’ लावतो. चार नॉझलच्या (ज्वाळा बाहेर पडायच्या तोंडांच्या) इंजिनात ‘थ्रस्टट्रान्सफॉर्म’, मग ‘.००१’, ‘.००२’, ‘.००३’ अशी नावं तयार होतात. खेळाला मात्र चारही ठिकाणी तेच एक नाव हवं असतं, कारण तो त्या नावाचे सगळे ऑब्जेक्ट गोळा करून जोर वाटतो. उपाय सोपा आहे: युनिटीत (मॉडेल खेळाला चालेल अशा रूपात आणणारं सॉफ्टवेअर) आणल्यावर, निर्यात करण्याआधी, चारही नावं हाताने सारखी करा. युनिटी सारखी नावं चालवून घेतं. ब्लेंडरची फाइल पुन्हा आणली की नावं पुन्हा बिघडतात, म्हणून ही पायरी एकदाच करून भागत नाही. नोंदवहीच्या शेरा रकान्यात ‘नॉझल ४’ असं लिहून ठेवा म्हणजे तपासणाऱ्याला किती ऑब्जेक्ट मोजायचे ते कळतं.

जिंबलच्या (दिशा बदलायला नॉझल वळवणाऱ्या) ऑब्जेक्टलाही हेच लागू. या नावांमध्ये पॅकचं उपपद (पुढे लागणारं ‘सोला’) घालायची गरज नाही, ती प्रत्येक मॉडेलपुरतीच असतात. उलट रूढ नावंच ठेवली तर दुसऱ्याला तुमचं मॉडेल लगेच समजतं.

> तपासणी. युनिटीतून निर्यात करण्याआधी ऑब्जेक्टच्या यादीत ‘.००’ शोधा. एकही सापडता कामा नये.

## टप्पा ४: जोडबिंदू आणि रंगरूपं

पार्ट एकमेकांना ज्या बिंदूंवर जोडले जातात त्यांनाही नावं असतात आणि तीही यानाच्या फाइलमध्ये साठतात. कॉन्फिगमध्ये ‘नोड_स्टॅक_टॉप’ लिहिलं की बिंदूचं नाव ‘टॉप’ होतं. हे नाव पुढे बदललं तर पार्ट असूनही जोड तुटतो. डिकपलरमध्ये तर कोणत्या बिंदूवर सुटायचं ते याच नावाने सांगितलेलं असतं.

वर ‘टॉप’, खाली ‘बॉटम’, आणि अडॅप्टरसारख्या पार्टला जास्तीचे बिंदू असतील तर ०१, ०२ असे, वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने. कोणताही ठरलेला क्रम चालेल, फक्त पूर्ण पॅकमध्ये एकच हवा.

एकाच टाकीचे पांढरा आणि केशरी असे दोन रंग असतील तर दोन पार्ट करू नका. १.४ आवृत्तीपासून एका पार्टला अनेक रूपं देण्याची सोय खेळातच आहे. मात्र निवडलेल्या रूपाचं नावही यानात साठतं. तिथेही दोन नावांचा तोच नियम: आतलं नाव साधं आणि कायमचं, दिसणारं नाव हवं तसं.

## टप्पा ५: टायटल, उत्पादक, टॅग

आता मराठीला मोकळं रान. टायटलमध्ये घराण्याचं नाव आधी आणि आकडा नंतर घ्या, कारण पार्टची यादी नावानुसार लावली की एका घराण्याचे पार्ट शेजारी येतात. ‘छोटी हिप्परगा टाकी’, ‘हिप्परगा मोठी’, ‘नवी हिप्परगा’ अशी टायटलं केली तर त्याच टाक्या यादीत तीन ठिकाणी विखुरतात.

टाक्यांना आम्ही तलावांची नावं दिली. सगळ्यात बारीक व्यासाला कंबर, सव्वा मीटरला हिप्परगा, अडीच आणि त्यावरच्या टाक्यांना उजनी. सोलापूरकराला यांतलं मोठं कोण आणि लहान कोण हे सांगावं लागत नाही, यादी न बघता तो योग्य टाकी उचलतो. घन इंधनाचे उंच सडपातळ बूस्टर नंदीध्वज (सिद्धेश्वर यात्रेतल्या उंच काठ्या) झाले. चांगल्या टायटलकडून एवढीच अपेक्षा असते: नाव वाचताच मापाचा किंवा आकाराचा अंदाज यावा.

इथेही एक अडचण आहे. हिप्परग्याला कुणी एकरुख म्हणतं, उजनीच्या जलाशयाला यशवंतसागर, कंबर तलावाला संभाजी तलाव. टायटलमध्ये एकच नाव पक्कं करा, नोंदवहीत लिहा, आणि बाकीची सगळी नावं ‘टॅग्ज’च्या ओळीत घाला. शोधपेटीत माणूस काय टाइप करेल यावर आपला ताबा नसतो. म्हणून टाकीची सगळी रोमन स्पेलिंगं, तलावाची दुसरी नावं, शहराच्या नावाची दोन्ही वळणं, या सगळ्यांची जागा टॅगमध्ये. नेममध्ये जी सैल वागणूक मुळीच चालत नाही ती इथे मुद्दाम करायची.

टायटलमधला आकडा कामगिरीचा असू द्या. मूळ खेळातली एफएल-टी४०० टाकी बघा: १८० युनिट द्रव इंधन आणि २२० युनिट ऑक्सिडायझर, मिळून ४००. एफएल-टी८०० मध्ये ३६० आणि ४४०. आकडा वाचला की हिशेब लागतो. आपणही ‘हिप्परगा ०४००’ असं लिहितो. पुढे इंधन बदललं तर टायटल बदलायचं आणि नेम तसंच ठेवायचं. आकड्यांची रुंदी मात्र इथेही सारखी ठेवा: घराण्यातली सगळ्यात मोठी टाकी चार आकडी असेल तर सगळ्या चार आकडी.

‘मॅन्युफॅक्चरर’ची ओळ फार दुर्लक्षित राहते. खेळात उत्पादकानुसार गाळणी आहे आणि ती या ओळीतल्या मजकुरावरून तयार होते. एका पार्टमध्ये शेवटी टिंब आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात एक अक्षर वेगळं, की एकाच कारखान्याचे तीन कारखाने दिसतात. हा मजकूर कधीही हाताने टाइप करू नका. नोंदवहीतून चिकटवा.

व्यासाच्या गाळणीसाठी ‘बल्कहेडप्रोफाइल्स’मध्ये खेळातलेच शब्द वापरा: ‘साइझ०’, ‘साइझ१’, ‘साइझ१पी५’, ‘साइझ२’, ‘साइझ३’, ‘साइझ४’. इथे स्वतःचा शब्द शोधून काढला तर पार्ट त्या गाळणीत इतरांबरोबर येत नाही.

मजकूर भाषांतराच्या फाइलमध्ये ठेवत असाल तर तिथल्या किल्ल्या नेमवरूनच बनवा: पुढे ठरलेला ‘#एलओसी’, मग नेम, मग ‘टायटल’ किंवा ‘डेस्क’ (वर्णन). किल्ली चुकली तर पार्टच्या नावाच्या जागी किल्लीच दिसते, त्यामुळे ही चूक सापडायला सोपी.

## टप्पा ६: बाहेर देण्याआधीची चाचणी

चाचणीच्या प्रतीत खेळ सुरू करा. लोड होताना मॉड्यूल मॅनेजर किती पॅच लागले आणि किती चुका आल्या ते पडद्यावर दाखवतो. चुका शून्य हव्यात. मग खेळाच्या फोल्डरमधली लॉग फाइल उघडून पॅकचं उपपद शोधा. ‘पार्टलोडर’च्या ओळींमध्ये प्रत्येक पार्टचं नाव येतं. नोंदवहीतली प्रत्येक ओळ इथे एकदा, आणि एकदाच, सापडली पाहिजे. दोनदा सापडली तर कुठेतरी दुसरी प्रत आहे. एकदाही नाही सापडली तर एक्स्टेन्शन किंवा एखादा न मिटलेला महिरपी कंस तपासा.

त्यानंतर नमुना यान बांधा. पॅकमधला प्रत्येक पार्ट त्यात एकदा तरी हवा, आणि तो जमेल तितक्या जोडबिंदूंवर जोडलेला हवा. दिसायला ते यान वेडंवाकडं होईल, होऊ द्या. ते साठवा, प्रक्षेपणस्थळी आणा, खेळ साठवा. यानाची फाइल आणि सेव्ह (साठवलेल्या खेळाची फाइल) दोन्ही गेमडेटाच्या बाहेर जपून ठेवा. पुढची प्रत्येक आवृत्ती देण्याआधी हेच यान आणि हीच सेव्ह उघडायची. दोन्ही निमूट उघडली म्हणजे एकही पक्कं नाव हललेलं नाही. नव्या आवृत्तीत नवे पार्ट आले की त्यांच्यासाठी दुसरं नमुना यान करा. जुन्या यानात भर घालू नका, नाहीतर ते जुन्या आवृत्तीचा पुरावा राहत नाही.

> तपासणी. नोंदवहीत या आवृत्तीतल्या सगळ्या पार्टची स्थिती ‘पक्का’ करा. हे झिप करण्याआधी करायचं, नंतर राहून जातं.

## टप्पा ७: नाव आधीच चुकलं असेल तर

जुनं नेम कितीही वेडंवाकडं असलं तरी ते पुसू नका. खेळाला पार्ट सापडला नाही की ते यान लोड होत नाही, आणि त्यानंतर खेळ साठवला की ते सेव्हमधूनही जातं. करिअरमध्ये (पैसे कमवत खेळायच्या प्रकारात) आणखी एक फटका बसतो: पार्ट विकत घेतल्याची नोंद नेमवर असते, त्यामुळे नव्या नावाचा पार्ट पुन्हा विकत घ्यावा लागू शकतो.

क्रम असा ठेवा:

१. जुनी कॉन्फिग आहे तिथेच, आहे त्या नेमसह राहू द्या.

२. तिच्यात ‘कॅटेगरी’ला ‘नन’ आणि ‘टेकहिडन’ला ‘ट्रू’ लिहा. पार्ट यादीतून दिसेनासा होतो, पण जुनी यानं उघडत राहतात.

३. नव्या साच्यातल्या नेमची वेगळी कॉन्फिग बनवा. मॉडेलचा पत्ता जुनाच द्या, मॉडेलची दुसरी प्रत नको. जोडबिंदूंची आणि रूपांची नावं अक्षरशः तीच ठेवा.

४. नोंदवहीत जुन्या ओळीपुढे ‘निवृत्त’ लिहा, शेऱ्यात नवं नेम द्या. निवृत्त नेम दुसऱ्या पार्टला पुन्हा कधीही देऊ नका.

५. टप्पा ६ मधलं जुनं नमुना यान उघडून पाहा.

बहुतेकांनी इथेच थांबावं. ज्यांना स्वतःची जुनी यानं नव्या पार्टवर आणायचीच आहेत त्यांच्यासाठी पुढचं. यानाची फाइल हा साधा मजकूर असतो, एडिटरमध्ये शोधा-बदला करता येतं. आधी फाइलीची प्रत काढा आणि खेळ बंद ठेवा. शोधताना नाव टिंबांचं लिहा आणि शेवटी एक अंडरस्कोर जोडा, कारण यानाच्या फाइलमध्ये नेमनंतर अंडरस्कोर आणि क्रमांक येतो. हा शेवटचा अंडरस्कोर फार मोलाचा आहे. मूळ खेळात ‘फ्युएलटँक’ नावाची एक टाकी आहे आणि ‘फ्युएलटँकस्मॉल’ नावाची दुसरी. अंडरस्कोर न लावता पहिलीचं नाव बदललं तर दुसरीचंही अर्धं नाव बदलतं आणि यान उघडतच नाही. नव्या बाजूलाही नाव टिंबांचंच लिहा आणि शेवटचा अंडरस्कोर ठेवा. ‘सगळीकडे बदला’ वापरा: पार्टची स्वतःची ओळ आणि इतर पार्टच्या ओळींमधले त्याचे उल्लेख दोन्ही बदलले गेले पाहिजेत, नाहीतर जोड तुटतात.

सेव्हमध्ये उडत्या यानांच्या पार्टच्या नावापुढे क्रमांक नसतो, तिथे ओळ नावावरच संपते. म्हणून सेव्हमध्ये पूर्ण ओळ जुळेल तेव्हाच बदलण्याचा पर्याय लावा. खेळ सुरू केल्यावर आधी ट्रॅकिंग स्टेशनमध्ये जाऊन यानांची संख्या जुन्या सेव्हशी ताडून पाहा. एकही यान कमी दिसलं तर खेळ न साठवता बाहेर पडा आणि प्रत परत जागेवर ठेवा.